नाकवाल्या मॅडम

आमच्या लॅबच्या मॅडम जिवाणू हुंगून ओळखायच्या. दवाखान्यात पाठीमागे सगळे त्यांना 'नाकवाल्या मॅडम' म्हणत आणि हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. सकाळी आल्या आल्या पर्स खुंटीला अडकवायच्या, जिवाणू वाढवलेल्या बशीचं झाकण किंचित उचलायच्या आणि नाक पुढे करायच्या. "द्राक्षं," म्हणाल्या की समजायचं, स्यूडोमोनास. "सडकी मासोळी," म्हणजे प्रोटियस. पुस्तकात असं करू नका लिहिलंय, हे मी एकदा सांगायला गेले. "पुस्तक लिहिणाऱ्याले सर्दी असन," म्हणाल्या आणि पुढची बशी उचलली.

पण वासावर त्यांनी कधी रिपोर्ट दिला नाही. वास हा नुसता संशय, असं त्यांचं म्हणणं. मग रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं, ऑक्सिडेजचा कागद लावायचा, कोणती साखर पचवतो ते तपासायचं, औषधाच्या चकत्या ठेवून कोणत्या औषधाला मरतो ते बघायचं. "नाव आपण ठेवायचं नाही, त्याच्याच तोंडून वदवून घ्यायचं." वॉर्डातल्या डॉक्टरांनी फोनवर "मॅडम, अंदाज तरी सांगा" म्हटलं की ठरलेलं उत्तर, "अंदाज पाह्यजे तर जोतिष्याकडं जा जी." मी लॅबची टेक्निशियन, शिव्या मात्र मला खाव्या लागायच्या. कितीदा तरी मी त्यांच्याशी भांडले असेन.

ते कापसाचे वाईट दिवस होते. बोंडअळी हटेना, फवारणी थांबेना, आणि वॉर्डात फवाऱ्याचं विष चढलेली माणसं. म्हणून मारेगावकडची सुमन धापा टाकत आली तेव्हा सगळ्यांनी फवाऱ्याचंच धरलं. ती पावसात कापसाची पऱ्हाटी निंदायला जायची. अंगात साखर होती, म्हणजे मधुमेह, ते तिचं तिलाही माहीत नव्हतं. ताप उतरेना, तेव्हा तिचं रक्त आमच्याकडे आलं. नवरा, देवराव, लॅबबाहेरच्या बाकावर ठाण मांडून बसला. "कायचा ताप हाय बाई?" जाता-येता विचारायचा. "अहो, उगवू तर द्या," मी खेकसायची.

उगवलं. मॅडमनी झाकण उचललं, नाक लावलं. "ओली माती," म्हणाल्या, आणि पुन्हा एकदा हुंगलं. सूक्ष्मदर्शकाखाली लाल काड्या, दोन्ही टोकं गडद, मध्ये फिकट. ऑक्सिडेजचा कागद जांभळा झाला. "स्यूडोमोनास, रोजचाच," म्हणत मी पेन काढलंसुद्धा. "थांब," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी चकत्या बघितल्या तर सगळं उलटंच. स्यूडोमोनास ज्या औषधांनी मरतो, त्यांना हा भीक घालत नव्हता. ज्याला स्यूडोमोनास जुमानत नाही, त्या औषधाभोवती मात्र हा मरून लख्ख रिकामं कडं. आणि बशीतले ठिपके वाळल्या बोरासारखे सुरकुतत चाललेले. मॅडमनी झाकण अलगद लावलं.

"वंदना, मागं सरक. तू हुंगलं काय?"

"मी कायले हुंगू? तुम्हीच तर..."

त्यांनी हळू आवाजात नाव सांगितलं. बर्कहोल्डेरिया. ओल्या मातीत राहतो, श्वासातूनही शिरतो आणि साखरेच्या माणसाला सोडत नाही. मॅडमना कित्येक वर्षं साखर होती. जेवणाआधी इंजेक्शन त्या माझ्यासमोरच घ्यायच्या. "माय वं!" एवढंच माझ्या तोंडून निघालं.

त्यांनी फोन उचलला तो वॉर्डाला.

"औषध बदला. आता, लगेच."

"पक्कं आहे मॅडम?"

पक्कं व्हायला नमुना मोठ्या शहरात जाऊन यायला हवा होता. तोवर सुमन टिकली नसती. आणि मॅडम चुकल्या असत्या, तर चालू औषधही हातचं गेलं असतं.

"पक्कं नाही," त्या म्हणाल्या. हे मी पहिल्यांदाच ऐकत होते.

"मग? तुम्हीच तर नेहमी..." पलीकडून डॉक्टर.

"म्हंते ना मी नेहमी! पण बाई मरून राह्यली तिकडं!" फोन आदळून त्या तडक जिना चढल्या आणि औषध बदलूनच खाली आल्या. त्यांना लागण होऊ नये म्हणून मी चिडून आधी सल्फाच्या गोळ्या घ्यायला लावल्या. त्यांना सल्फा सोसली नाही, अंगभर पुरळ उठलं आणि गोळ्या बंद कराव्या लागल्या. दुसऱ्या गोळ्या घ्या म्हटलं, तर "आधी सुमनचं होऊ दे, मंग पाहू" म्हणाल्या. अस्सा राग आला होता मला!

सुमनचा ताप हलेना. मॅडम दर थोड्या वेळाने वर जायच्या, तोंड पाडून खाली यायच्या. शेवटी एका सकाळी देवराव दारात उभा राहिला. "मॅडम, च्या मांगून राह्यली जी ते!" मॅडम स्टुलावर बसल्या आणि आमच्या देखत ॲप्रनने डोळे पुसले. तो गेल्यावर बाही वर सारली.

"आता माहं रक्त काढ. कालपासून अंग मोडून राह्यलं."

त्या रक्ताची एकूणएक तपासणी मी केली. दुसरं काहीही निघू दे, म्हणून देवाला हात जोडत केली. निघाला तोच. तोवर त्यांना वॉर्डात दाखल केलं होतं, मी त्यांच्या खाटेपाशी गेले. "नाव सांग," त्या म्हणाल्या. सांगितलं. "बराबर केलं," म्हणाल्या आणि डोळे मिटले. सुमनला लागू पडलेलं औषध त्यांना केव्हाच सुरू झालं होतं. त्यांना ते लागू पडलं नाही. मॅडम गेल्यावर शहरातून कागद आला, नाव बरोबर असल्याचा.

कापूस फुटला तेव्हा सुमन शेवटच्या तपासणीला आली. अंगावर मांस धरलं होतं, वेचणीने बोटं ओरखडली होती. आपल्या रक्तातून कोणाला काय झालं, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं.

"मॅडम दिसून नाही राह्यल्या?"

"पुसदला गेल्या, माहेरी," मी म्हटलं.

"बरं झालं, आराम भेटन त्याह्यले. त्याह्यले सांगजा बाई, सुमन कामाले लागली मनून."

"सांगते," म्हटलं.