पडद्यावर दिसलेला हात

खोडाळ्याच्या बोहाड्यात, चैत्रातल्या मुखवट्यांच्या उत्सवात, म्हैसासुराचे सोंग नवसूच्या घराण्याचे. देवांची आणि दैत्यांची सोंगे तिथे घराघरांत वाटून दिलेली असतात. ज्याचे सोंग त्यानेच नाचवायचे आणि मुखवटाही वर्षभर त्याच्याच घरात ठेवायचा. शिंगांचा तो जड लाकडी मुखवटा नवसूने पहिल्यांदा चढवला तेव्हा त्याला मिसरूडही फुटले नव्हते. शेवटच्या सकाळी देवी म्हैसासुराला मारते. नवसू असा कोसळला की सांबळ वाजवणाऱ्याचा हात क्षणभर थबकला. मग रिवाजाप्रमाणे त्याच्या आईने निजल्या दैत्याला ओवाळले, मुखवटा उतरवला आणि त्याला पाणी पाजले. दैत्याला पुन्हा माणसात आणायचे काम घरच्या बाईचे.

"मरावा तर तुझ्यासारखा," बोहाड्याची व्यवस्था बघणारा तुका म्हणाला. पुढे दर वर्षी म्हणत राहिला.

नवसूला मात्र एक गोष्ट सलत असे. लग्न होऊन पोशी घरात आली, तेव्हा त्याने ती तिच्यापाशी बोलून दाखवली.

"नाचतो मी, आणि लोक बोलतात म्हैसासुर काय नाचला! माझा तोंड कोण बघतो?"

"मी बघतेय ना रोज," पोशी हसली. "तेवढ्याने पोट नाय भरत तुझा?"

नाही भरले. पुढच्याच हिवाळ्यात दाभोशाच्या धबधब्यावर सिनेमाचे लोक आले. कड्याखाली गोळी लागून पडणारे डाकू त्यांना हवे होते. मजुरीला गेलेल्यांत नवसू होता. तो पडला, आणि कॅमेऱ्यामागचा एक माणूस म्हणाला, "ये आदमी तो कमाल मरता है!" त्या माणसाने गोरेगावच्या स्टुडिओचा पत्ता दिला. नवसू जीपमध्ये बसला तेव्हा पोशी राबाचे, शेत भाजायचे टहाळे डोक्यावर घेऊन उभी होती.

"तोंड दिसला पडद्यावर की येतो परत," तो म्हणाला.

"ये," ती म्हणाली.

स्टुडिओत त्याला काम मिळाले, आणि मिळतच राहिले. तो शिरस्त्राण घातलेला सैनिक झाला, चादरीखालचे प्रेत झाला, खलनायकाचा पाठमोरा साथीदार झाला. नायक बोलत असताना मागून रस्ता ओलांडून जाणारा माणूसही तोच. त्या कामाला तिथे 'पासिंग' म्हणतात. पुढे दूरदर्शन संचांवर पौराणिक मालिकांची लाट आली आणि नवसू कायमचा राक्षस झाला. सकाळी त्याच्या चेहऱ्यावर रबर चिकटवत, हिरवा रंग फासत, आणि दिवसभर त्याला मारत. "कट" ऐकू येईपर्यंत पापणी हलवायची नाही, ही शिस्त त्याच्या हाडांत मुरली. तोंड झाकायला लागू नये म्हणून ज्याने गाव सोडले, त्याचे तोंड शहराने अधिक पक्के झाकले. हे त्याला कळत नव्हते असे नाही. पण होळीला येऊन तो पोशीला सांगे, "पुढच्या सालाला."

एकदा ते साल खरोखर आले. एका कौटुंबिक मालिकेत त्याला म्हाताऱ्या नोकराची भूमिका मिळाली. रंग नाही, रबर नाही. मालकाला पाण्याचा पेला द्यायचा आणि म्हणायचे, "साहेब, जपून राहा." त्याने घरी निरोप धाडला. पोशी धुतलेले लुगडे नेसली, पाड्यावरच्या बायांना घेऊन खोडाळ्याला चालत गेली, आणि दुकानदाराच्या टीव्हीसमोर सगळ्याजणी मांडी घालून बसल्या.

दुसऱ्या दिवशी नवसूने दुकानावर फोन केला. "बघितला?"

पोशी म्हणाली, "दिसलास ना. हात दिसला. पाणी देणारा."

"आणि तोंड?"

"हात तुझाच होता. अंगठ्याखाली कोयत्याचा वण हाय ना, राब तोडताना लागलेला. मी सगळ्यांना बोलले, हा बघा माझा नवरा."

त्याचे वाक्य कापले होते, चेहराही. त्याने फोन ठेवला आणि त्या होळीला तो घरी गेला नाही.

पोशी गेली ती दोन पावसाळ्यांमागे, तापाने. निरोप आला तेव्हा नवसू हिरव्या रंगात रणांगणावर मरून पडला होता. "कट" होईपर्यंत त्याला कोणी हाक मारली नाही. मग दृश्य पुन्हा घेतले, मग आणखी एकदा. तो पाड्यावर पोचला तेव्हा माती देऊन माणसे परतत होती. त्याच्या कानामागे रंग तसाच होता. बायांनी तो पाहिला आणि नजर वळवली.

त्यानंतर नवसू मुंबईला गेला नाही. घरात उतरंडीशेजारी म्हैसासुराचा मुखवटा लटकत होता. इतकी वर्षे तो नाचवला पुतण्या कमलेशने, पण त्याला तेल लावले, धूर दाखवला, उंदरांपासून राखले ते पोशीने. मुखवट्याचे लाकूड तिच्या हाताने गुळगुळीत झाले होते.

या चैत्रात त्याने कमलेशला विचारले, "एवढा साल मला देशील?"

"काका, गुडघा बघ तुझा! देवी मारायच्या आधी तूच मरशील."

"मरायचाच धंदा केला मी," नवसू म्हणाला. कमलेश हसला, आणि मग त्याला नाही म्हणता आले नाही.

शेवटच्या सकाळी नवसू नाचला. गुडघा दुखत होता, पण मुखवट्याच्या आत अंधार होता आणि त्या अंधारात तेलाचा, धुराचा वास होता. पोशीच्या हातांनाही तोच वास असे. देवीचे पाऊल छातीला लागले. तो कोसळला. सांबळ थांबले.

तो उठेना. घरच्या बाईची वाट बघायची, हे त्याला ठाऊक होते. पण श्वास रोखून, पापणीसुद्धा न हलवता तो पडून राहिला, ते शहरातल्या सवयीने. कोणीतरी "कट" म्हणेल म्हणून तो थांबला होता.

"ए काका, ऊठ! पॅकअप झाला!" गर्दीतून एक पोरगा ओरडला. लोक हसले. मग हसू विरले.

"नवसू?" तुका वाकला. "अरे, श्वास घे."

कमलेशची बायको योगिता आरती घेऊन धावत आली. तिने ओवाळले, घाईने दोऱ्या सोडल्या आणि मुखवटा उचलला.

ऊन एकदम तोंडावर आले. भोवती मोबाइलचे कडे होते. सगळे कॅमेरे त्याच्या चेहऱ्याकडे, अगदी जवळ; मधे ना रबर, ना रंग. "काका, इकडे बघ!" पोरे ओरडत होती.

नवसूने त्या कड्यातल्या बायांचे चेहरे एकेक करून पाहिले. शेवटपर्यंत पाहिले. मग डावा हात उचलला आणि तोंडावर घेतला.

दुपारी कमलेश मोबाइल घेऊन ओट्यावर आला. खजील होऊन म्हणाला, "काका, तू इकडे बघशील म्हणून सगळे थांबले. पन्नास जणांनी फोटो घेतला, पण तोंड कोणाकडेच नाय आला. नुसता हात हाय."

नवसूने मोबाइलचा पडदा डोळ्यांजवळ धरला. अंगठ्याखालचा वण स्वच्छ दिसत होता.

"हात हाय ना," तो म्हणाला. "तेवढ्यावरून ओळखणारी होती एक."

त्याने मोबाइल परत दिला, मुखवटा मांडीवर घेतला आणि त्याला तेल लावू लागला.