पहिले तुम्ही प्या

चहाचा कप समोर आला की ते तो दोन बोटांनी देणाऱ्याकडेच परत सरकवायचे. "पहिले तुम्ही प्या." देणाऱ्याने मुकाट्याने घोट घेतला तरी हे काही पीत नसत. "काम झाल्यावर पाहू," म्हणायचे आणि दुपट्ट्याने तोंड पुसायचे, जणू प्यालेच. असे संशयी गृहस्थ तुम्हीही पाहिले असतील. आमचे काकाजी म्हणजे त्या जमातीचे अध्यक्षच. साकोलीकडच्या एका गावातल्या मच्छीमार सोसायटीचे तर ते खरोखरच अध्यक्ष होते.

मी भंडाऱ्याच्या एका छोट्या संस्थेत आहे. गावकऱ्यांबरोबर बसून योजना आखायची, अनुदानासाठी प्रस्ताव लिहायचा आणि मग उत्तराची वाट पाहत बसायचं, हा माझा धंदा. त्या गावच्या तलावात बेशरम, म्हणजे ती चिवट रानझुडपं, माजली होती, पाणी टिकत नव्हतं, मासे उरले नव्हते. ढिवरांच्या, म्हणजे तिथल्या मच्छीमारांच्या, बायका रोजीने बाहेर जाऊ लागल्या होत्या.

पहिल्याच भेटीत काकाजींनी विचारलं, "मॅडम, यातून तुमाले काय भेटते?" पगार मिळतो, म्हटलं. "मंग ठीक. फुकट काम करनाऱ्याचं भेव वाटते मले." राग यायला हवा होता, पण मला हसूच आलं.

मग नकाशाची गंमत झाली. समाजमंदिरापुढे बायकांनी चुन्याने अख्खा तलाव काढला. कुठली बेशरम उपटायची, पाण्यातली झाडं कुठे लावायची, गाळातली चिकण माती कुठे दाबायची, सगळं दुपारभर भांडून ठरवलं. फोटो काढायचे नाहीत हा काकाजींचा नियम. मी जेवून परत येते तर नकाशा गायब! यांनी पायाने पुसून टाकला होता. तालुक्याच्या एका ठेकेदाराची जीप रस्त्याने गेली म्हणे, त्याने पाहिला असता तर? बायकांनी त्यांना जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा चुना आणला.

प्रस्ताव तयार झाला आणि घोडं यांच्या सहीपाशी अडलं. अध्यक्षाच्या सहीशिवाय प्रस्ताव जात नाही आणि हे पेनाला हात लावायला तयार नाहीत. मुदत जवळ येत चालली. मला तर शंका यायला लागली की यांचंच त्या ठेकेदाराशी साटंलोटं असावं. एक दिवस मी तडक घरी गेले आणि त्यांच्या बायकोला, काकूंना, स्पष्टच विचारलं.

काकू बाजारातून आणलेले मासे साफ करत होत्या. वर न पाहता त्यांनी सांगितलं. काही वर्षांपूर्वी तोच ठेकेदार गाळ काढून देतो म्हणून आला. स्वतःच्या घरी नेऊन चहा पाजला आणि सोसायटीची सही घेतली. गाळ काढता काढता खालचा मुरूमही खणला आणि रस्त्याच्या कामाला विकला. तलावाचं बूड फुटलं. तेव्हापासून होळीच्या आधीच पाणी आटायचं. ती सही काकाजींची होती, आणि गाव ते विसरलं नव्हतं.

"त्या चहात साखर लय होती, असं म्हनतेत ते अजून," काकू म्हणाल्या.

सही व्हायच्या आधीच अनुदान देणाऱ्या संस्थेचे साहेब गाव पाहायला आले. कोणी काय बोलायचं ते मी सगळ्यांना पढवून ठेवलं होतं. चहा आला. काकाजींनी कप साहेबांकडे सरकवला आणि विचारलं, "काम झालं आन् उन्हाळ्यात पानी नाही राह्यलं, तं तुमी परत यान का?"

गेलं अनुदान, असं मी मनात म्हटलं. साहेबांनी कप उचलून एक घोट घेतला. मग म्हणाले, "सांगता येत नाही. तोवर माझी बदली झालेली असेल."

काकाजी माझ्याकडे वळले. "हा मानूस खोटं नाही बोलून राह्यला. द्या पेन." पण सहीआधी त्यांनी एक ओळ घालून घेतलीच: मुरूम लागला की खोदणं थांबेल, आणि थांबवण्याचा हक्क सोसायटीचा.

अनुदान मंजूर झालं. मी पेढे घेऊन गेले, तर पेढाही आधी मलाच खायला लावला. काम चालू होतं तोवर ते पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, काठी घेऊन बसून राहिले. खाली तांबूस दिसलं की काठी वर. जेसीबीवाला पार वैतागला, पण थांबायचा. पावसाळ्यात तलाव तुडुंब भरला, बायकांनी मत्स्यबीज सोडलं. आता तरी घ्या चहा, मी म्हटलं.

"पावसात तं रस्त्यावरचा खड्डाही भरते, मॅडम. उन्हाळ्यात पाहू."

उन्हाळा त्यांना दिसला नाही. थंडीत छातीचं दुखणं निघालं आणि गेले. मला कळलं तेव्हा सगळं आटोपलं होतं. फार वाईट वाटलं, अजून वाटतं.

वैशाखात मी गेले. पाळ चढताना मी खाली मातीकडेच पाहत होते, खरं सांगते. वर पोचले आणि पाणी दिसलं. चांगलं लांबवर पसरलेलं, आणि बायका त्यात जाळं ओढत होत्या. मी तिथेच मातीत बसले आणि रडले.

काकू पेला घेऊन आल्या. "त्याईनं सांगून ठेवलं होतं. पानी राह्यलं तं मॅडमले पाळीवरच चहा द्याचा."

मी पेला त्यांच्याकडे सरकवला. "पहिले तुम्ही प्या."

त्यांनी एक घोट घेतला, पदराने काठ पुसला आणि पेला माझ्या हातात दिला.

"घ्या," त्या म्हणाल्या. "साखर कमी टाकली."