वस्तीवरच्या शाळेतून लावलेला फोन

पिशोरच्या पुढं एका वस्तीवर आमची छोटी शाळा होती. माझ्या तिसरीच्या वर्गात एक मुलगी होती, तिचं हसणं पार रस्त्यापर्यंत ऐकू जायचं. बाकीची लेकरं गमतीची गोष्ट संपल्यावर हसायची, ही मात्र गोष्ट सुरू व्हायच्या आधीच हसायची. मग तिच्याकडं बघून सगळा वर्ग हसायचा आणि माझी गोष्ट राहूनच जायची.

तिचे आईवडील दसऱ्यानंतर ऊसतोडीला जायचे. त्या वर्षी त्यांनी तिला गावातच चुलत्याकडं ठेवलं. दिवाळीच्या सुट्टीनंतर ती शाळेत आली ती गप्पगप्प. केसांचा गुंता झालेला. खिचडी शिजली की सगळ्यांच्या आधी ताट घेऊन उभी. एका दुपारी हापशावर ताट धुताना तिची बाही वर सरकली. दंडावर वळ होते, काही काळपट, काही ताजे.

त्याच साली उन्हाळ्यात कन्नडला आमचं प्रशिक्षण झालं होतं. विषय होता, लेकराला कुणी मारतंय किंवा त्याची आबाळ होतेय असं वाटलं तर शिक्षकानं काय करायचं. शिकवायला आलेल्या वकीलबाईंनी आमच्या मुख्याध्यापकांनाच पुढं बोलावलं. मिशाळ, धिप्पाड माणूस. त्यांना लेकरू व्हायला सांगितलं आणि आम्हाला म्हणाल्या, "विचारा यांना."

आम्ही तुटून पडलो. "कुणी मारलं? कशानं मारलं? तूच काही केलं असशील! खरं बोल!" सर खरोखरच बावरले आणि मिशीवर हात ठेवून खाली बघत राहिले. सभागृह हसून हसून लोळलं. वकीलबाई मात्र म्हणाल्या, "बघा, एवढा मोठा माणूस गप्प झाला. लेकराचं काय होईल? पोलिसासारखं विचारायचं नाही. ऐकायचं, आणि कळवायचं."

हापशावर मला तेच आठवलं. मी तिच्या शेजारी बसले आणि एवढंच म्हटलं, "दुखतंय का गं?"

ती बराच वेळ ताट घासत राहिली. मग म्हणाली, "काका मारतेत. भाकर मागितली तरी मारतेत. बाई, कुणाला सांगू नका."

"मदत करणाऱ्या माणसांना सांगावं लागंल मला," मी म्हटलं. "गावात गवगवा करणार नाय. तू सांगितलंस ते लई चांगलं केलंस. तुझी काही चूक नाय."

मी सरांकडं गेले. ते आधी गोंधळले. "मॅडम, आपल्याला याच गावात राहायचंय. आधी चुलत्याला बोलावून समज देऊ."

"सर, समज आज देऊ आपण. घरी गेल्यावर रागाचा मार कोण खाईल?"

"पण पुरावा?"

"पुरावा शोधणं आपलं काम नाय. संशय आला की कळवायचं, तपास ते करतील."

सरांनी मिशी कुरवाळली. मग एकदम म्हणाले, "त्या दिवशी तुम्ही सगळ्यांनी मिळून मला दरडावलं ना, खोटंखोटं होतं, तरी घशाला कोरड पडली होती बघा. लावा फोन. मी इथंच बसतो."

मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर एक ताई बोलल्या. त्यांचा पहिला प्रश्न होता, "मुलगी आत्ता कुठं आहे? सुरक्षित आहे का?" मी जे दिसलं ते सांगितलं आणि तिचे शब्द होते तसेच सांगितले. माझ्या मनातलं एक अक्षर त्यात घातलं नाही. त्या म्हणाल्या, "आम्ही येईपर्यंत तिला घरी पाठवू नका, घरच्यांना काही विचारू नका."

शाळा सुटायच्या आत दोन कार्यकर्त्या आल्या, सोबत साध्या साडीतल्या पोलीसबाई. दवाखान्यात तपासणी झाली, मी तिच्याबरोबर होते. पुढं शहरात बाल कल्याण समितीसमोर तिला नेलं. आईवडिलांना निरोप गेला. ते धावत आले. आई लेकीला कवटाळून रडली आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "आमी तर भरवशानं ठेवली होती ओ बाई." चुलत्यावर गुन्हा नोंदवला गेला. मुलीची आत्या दौलताबादला राहायची, किल्ल्याखाली पेरू-सीताफळं विकायची. आईवडिलांना ऊसतोडीवर परत जाणं भाग होतं, म्हणून समितीनं चौकशी करून मुलीला आत्याकडं ठेवलं. गावात चार दिवस कुजबुज झाली, मग लोकांना दुसरा विषय मिळाला.

संक्रांतीनंतरच्या रविवारी मी आणि माझे मिस्टर स्कूटरवरून दौलताबादला गेलो. आत्याच्या अंगणात पाऊल ठेवतो न ठेवतो तोच मुलगी पळत आली, दोन घट्ट वेण्या, लाल रिबिनी. "बाई, चला, गेल्या आठवड्यात शेळी व्यालीय!"

आत्या ओरडली, "अगं, त्यांना बसू तर दे! पाणी तर दे!"

कुणाला वेळ होता! तिनं मला हाताला धरून गोठ्यात नेलं आणि एक ऊबदार, मऊ करडू माझ्या कडेवर दिलं. दुसरं निसटलं आणि अंगणात जाऊन थेट आमच्या स्कूटरच्या पायदानावर चढलं. मिस्टर "हाड, हाड" करत होते आणि करडू त्यांच्या पँटीचा काठ चघळत होतं.

मुलगी मटकन खाली बसली आणि पोट धरून हसायला लागली. आत्या हसली. माझ्या कडेवरचं करडू घाबरून बें बें करायला लागलं. मिस्टर म्हणाले, "अहो, हसता काय, सोडवा ना मला!" पण आमच्यातलं कुणीच हलायच्या अवस्थेत नव्हतं.