दाखूबाईचं पारणं आणि शेठची फटफटी

नंदुरबारच्या मिरची बाजारात सुमेरमलसारखा भित्रा माणूस दुसरा नाही, असं त्याची बायको दाखूबाई सगळ्या गल्लीला सांगत असे. म्हणजे पूर्वी सांगत असे. मागच्या होळीनंतर तिने वर्षीतप धरलं होतं. एक दिवस नुसतं उकळून गाळलेलं पाणी, दुसऱ्या दिवशी जेवण, असं वर्षभर, चांगले तेरा महिने. आणि तपात राग करायचा नसतो. राग केला की केलेलं सगळं मातीत, असं साध्वीजींनी बजावून ठेवलेलं. म्हणजे बिचारीला एका वर्षात दोन उपास पडले, एक अन्नाचा आणि एक बोलण्याचा. दुसरा जास्त जड गेला.

नेमक्या त्याच वर्षी या गृहस्थाने फटफटी घ्यावी, याला काय म्हणायचं?

कारण विचाराल तर साधं होतं. सुमेरमलचं जेवण सूर्य बुडायच्या आत. बुडाला की पाण्याचा थेंब नाही, हा नेम लहानपणापासूनचा. पण मिरची खरेदीला खेडोपाडी जायचं ते बैलगाडीने, आणि बैलांना सूर्याची काय पडलीय? परत येईतो दिवेलागण व्हायची. मग शेठ उपाशी. बायको उपाशी राहून पुण्य जोडत होती, आणि हा उशीर करून उपाशी राहत होता, तेही फुकट. दुसरी मोठी लढाई संपल्यावर मिलिटरीच्या जुन्या गाड्या लिलावात निघाल्या, तेव्हा सुरतेच्या दलालाला सांगून त्याने एक हिरवी फटफटी रेल्वेने मागवली. ती दारात उतरवली तेव्हा शेठ स्वतः चार हात लांब उभा होता, जणू चावेल.

शिकवायला करमसिंग होता. हा लढाईत मिलिटरीची लॉरी चालवून आलेला, आता कापसाच्या जिनात कामाला. सकाळी गावाबाहेर मिरची वाळवायच्या पथारीवर शिकवणी चाले. दाखूबाईला छतावरून सगळं दिसे, आणि न दिसतं तर बरं होतं असं तिला रोज वाटे. चाळिशी उलटलेला माणूस, पागोटं घट्ट बांधलेलं, धोतर वर खोचलेलं, आणि मान खाली. कायमची खाली. पुढच्या चाकाकडे नजर लावून हा माणूस गाडी हाकायचा, आणि दहा पावलांत आडवा व्हायचा.

"शेठ, खाले काय देखी ऱ्हायनात? पुढे देखा," करमसिंग ओरडून ओरडून थकला.

"मुंग्या शेतस रे," शेठ म्हणे.

आता घ्या. चालताना खाली बघून चालावं, पायाखाली जीव येऊ देऊ नये, हे त्याच्या अंगात भिनलेलं. पायी चालताना ठीक आहे हो. पण फटफटीवर बसून खाली बघितलं की माणूस खालीच जातो, हे करमसिंगने गोड बोलून सांगितलं, कपाळावर हात मारून सांगितलं. शेवटी म्हणाला, "मुंग्यासले पाय शेतस शेठ, त्या सरकतीन. भिंतले पाय नहीत." शेठने ते नीट ऐकून घेतलं, मान डोलावली, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मान खाली.

पौषात एकदा तर मुंग्यांची रांग चुकवायला त्याने हँडल वळवलं आणि सरळ मिरचीच्या ढिगात घुसला. ढीग त्याचाच, म्हणून भांडण झालं नाही. पण लाल धुरळा उठला तो अर्ध्या गावाच्या नाकात गेला. दाखूबाईच्या घरात पोळ्या लाटणारी बाई शिंकत होती, दारातली गाय शिंकत होती. सुमेरमल डोळे लाल करून घरी आला आणि म्हणाला, "मुंगी एकही मेली नाही."

दाखूबाईने पदर तोंडात कोंबला. त्या दिवशी तिचा उपास होता. नवकार मंत्र म्हणत ती देवघरात जाऊन बसली, आणि नवकार म्हणतानाही मनात जे चाललं होतं ते नवकारात बसणारं नव्हतं.

असं करता करता अक्षयतृतीया आली. वर्षीतपाचं पारणं याच दिवशी, आणि तेही उसाच्या रसाने. दुसऱ्या कशाने नाही. पहिल्या तीर्थंकरांनी वर्षाच्या उपासानंतर उसाचा रसच घेतला, म्हणून. पारणं खरं तर भावाच्या हातून व्हावं अशी दाखूबाईची हौस होती, पण भाऊ राहिला मारवाडात. म्हणून रस सुमेरमलच्या हातून घ्यायचा ठरलं. शेवटचे दोन दिवस तिने सलग निर्जळी उपास केला होता. सकाळपासून गल्लीतल्या बायका गाणी म्हणायला जमल्या, अंगणात मांडव, चांदीचा पेला घासून ठेवलेला. आणि आदल्या दिवशी बाजारातून आणून ठेवलेला ऊस सोलला, तर आतून लाल. आंबूस वास. एक कांडं, दुसरं, तिसरं, सगळी मोळीच तशी.

वैशाखात ऊस असतो कुठे? गुऱ्हाळं केव्हाच बंद झालेली. सुमेरमलला आठवलं, तापीच्या अंगाला कोरीटला गिरधर पाटील म्हणून ओळखीचा गुजर शेतकरी होता, तो बेण्यासाठी दोन सऱ्या राखून ठेवतो. ऊस होता, पण आणणार कोण? अक्षयतृतीया म्हणजे इकडची आखाजी. खानदेशात सालदाराचं, म्हणजे सालगड्याचं, साल आखाजीला फिटतं. जुना आपलं गाठोडं घेऊन घरी गेलेला, नवा अजून लागायचा. बैल दावणीला निवांत, गाडी हाकायला माणूस नाही. बाया झोक्यावर, बाप्ये पत्ते कुटत बसलेले. करमसिंगही आपल्या गावी गेलेला.

राहिली फटफटी.

अर्धा दिवस नाही नाही करण्यात गेला. दुसऱ्या कशाने पारणं होईल का, हे विचारायला एक जण साध्वीजींकडे जाऊन आला. त्या म्हणाल्या, तपस्विनीची इच्छा. दाखूबाईची इच्छा नव्हती. तेरा महिने पोटाला चिमटा घेतला तो शेवटी सरबतावर भागवायला? रसच पाहिजे, आणि सूर्य बुडायच्या आत पाहिजे. बुडाला तर आणखी एक रात्र, तीही कोरडी. तिची जीभ टाळ्याला चिकटत होती आणि उठताना भिंत धरावी लागत होती.

सुमेरमलने गाडी अंगणाबाहेर काढली. बऱ्याच लाथा खाऊन ती सुरू झाली. तो बसला, आणि बसल्या बसल्या त्याची मान खाली गेली.

"वैशाखात मुंग्या फार निघतात," तो म्हणाला. "कोरीटपर्यंत... किती मरतील, हिशेबच नाही."

आणि दाखूबाईचं वर्षभराचं धरण फुटलं. भिंत सोडून ती उंबऱ्यात आली. बायकांची गाणी थांबली.

"बैलगाडीतून इतकी वर्षं हिंडलात," ती म्हणाली, "तिच्या चाकाखाली मुंग्या मरत नव्हत्या काय? तेव्हा बरं कधी खाली वाकून बघितलं नाहीत. तेव्हा गादीला टेकून झोपा काढल्यात. हाकणारा दुसरा होता ना, म्हणजे पाप त्याचं. आणि आता स्वतःच्या हातात आलं तशी दया सुचली? समोर बघा आणि जा. नाहीतर ती गाडी आणि तुम्ही दोघंही मिरचीत पुरून घ्या."

सुमेरमलने बायकोकडे बघितलं. मग मान वर केली, समोर बघितलं आणि गेला. वेशीपर्यंत आवाज सरळ गेला, कुठे आपटल्याचं ऐकू आलं नाही.

दाखूबाई मांडवात येऊन बसली. गेलं तप, तिला वाटलं. तेरा महिने सांभाळलं आणि शेवटच्या दिवशी, या एका माणसापायी, सगळ्यांच्या देखत घालवलं. तिला रडू यायला लागलं, पण डोळ्यांत पाणी यायला अंगात पाणी असावं लागतं.

ऊन उतरलं. सावल्या लांबल्या. बायका एकेक करून बाहेर रस्त्यावर जाऊन कान देऊन येत होत्या. फटफट काही ऐकू येईना. पडला असेल. नाहीतर समोर बघत बघत तापीत गेला असेल, सांगता येत नाही. सूर्य समोरच्या छपराच्या जवळ आला तेव्हा दाखूबाईने पेला उलटा ठेवायला सांगितला.

आणि तेवढ्यात सुमेरमल गल्लीच्या तोंडाशी दिसला. पायी. फटफटी ढकलत. पाठीमागे उसाची मोळी बांधलेली, तिची पाती धुळीत फरफटत होती. पागोटं सुटून गळ्यात आलेलं, धोतर पोटरीपर्यंत फाटलेलं. आणि मान खाली.

बायका उसावर तुटून पडल्या. कुणी सोललं, कुणी खलबत्त्यात कुटलं, कुणी फडक्यातून पिळलं.

"बिघडली का?" दाखूबाईने विचारलं.

"नाही," तो धापा टाकत म्हणाला. "जाताना एकदाही खाली बघितलं नाही. येतानाही नाही, पार कोसभरावरच्या नाल्यापर्यंत. तिथे मोळीची दोरी सैल झाली म्हणून उतरलो, आणि चाक दिसलं. त्याच्या खाचांत..." त्याने पागोट्याच्या टोकाने घाम पुसला. "तू म्हणालीस ते खरं होतं. बैलगाडीचं चाक मी कधी बघितलंच नव्हतं. मग परत बसवेना."

"मग ती तिथेच टाकून नुसता ऊस घेऊन यायचं ना."

सुमेरमलने जरा विचार केला. "सुचलं नाही," तो म्हणाला.

दाखूबाईने डोळे मिटून घेतले. नाल्यापासून घरापर्यंत ते लोखंडी धूड, या उन्हात. "गिरधरकडे खाल्लंत काही?"

"त्याच्या घरच्या जसोदाबाईंनी पुरणपोळी वाढली होती. नाही खाल्ली. तू उपाशी होतीस."

रस आला. सुमेरमलने हात धुतले आणि तिच्या ओंजळीत धार धरली. घाईत निम्मा रस तिच्या मनगटावरून सांडला. ती प्यायली. गाणी पुन्हा सुरू झाली. छपरावर सूर्याची एक कड तेवढी उरली होती, आणि दाखूबाईच्या ध्यानात आलं की ती बुडाली की हा माणूस आजही उपाशी राहणार.

तिने पेला भरून त्याच्या हातात दिला. "घ्या. लवकर."

त्याने पेला घेतला, आणि सवयीने मान खाली घालून आत बघायला लागला, एखादं चिलट तर नाही ना पडलं.

"अहो, गाळलेला आहे," दाखूबाई म्हणाली. "समोर बघा आणि प्या."

त्याने समोर बघितलं. समोर ती बसली होती. तिच्याकडे बघत बघत त्याने पेला रिकामा केला.