नसलेल्या हातावरचं प्लास्टर

माणूस भेटला की मास्तर आधी त्याचा अंगठा धरायचे. रामराम नंतर. नखावर स्वतःचं बोट दाबायचे, नख पांढरं पडलं की सोडायचे, आणि ते पुन्हा गुलाबी झालं की मान डोलवून म्हणायचे, "आला बगा रंग. रगात पोचतंय. आता बोला."

लग्नात नवरदेवाच्या हातात आहेर ठेवायच्या आधी त्याचं नख दाबलेलं मी या डोळ्यांनी पाहिलंय. एकदा इस्लामपूरच्या चौकात हेल्मेट नाही म्हणून हवालदाराने गाडी अडवली, तर मास्तरांनी त्याचंच बोट धरलं. "सायेब, रंग उशिरा आला. अंगठी लय घट्ट हाय." हवालदाराने समोरच्या हॉटेलातून साबण मागवला, अंगठी ओढून काढली आणि पावती फाडायची विसरला. तुम्ही म्हणाल, मी रंगवून सांगतो. सांगतोच. निम्मं सोडून द्या, उरेल तेवढंही पुष्कळ आहे.

मास्तर सांगलीकडच्या एका सरकारी दवाखान्यात प्लास्टर रूममध्ये होते. कागदावर टेक्निशियन, पण मोठमोठे हाडांचे डॉक्टर त्यांना विचारून हात पुढे करायचे. त्यांनी आयुष्यात जेवढं प्लास्टर भिजवलं, तेवढ्यात कोयनेचं धरण दुसऱ्यांदा बांधून वर एखादं देऊळ झालं असतं. शिवाय आमच्यासारख्यांना शिकवायचं काम त्यांच्याकडेच होतं.

आमच्यासारखे म्हणजे कोण? मी कोयनानगरच्या बाजूला आरोग्य सेवक. घाटात जीप कलंडली की डॉक्टरांच्या आधी आम्ही पोचणार. आणि मोडलेल्या पायाला आम्ही जे काय करायचो, ते बघूनच दुसरा पाय मोडत असावा. म्हणून वरून हुकूम आला, दहा दिवस सांगलीला जाऊन शिकून या. सोबत सिस्टर होत्या, रुग्णवाहिकेचे ड्रायव्हर होते, नुकतीच मिसरूड फुटलेले दोन डॉक्टरही होते.

पहिल्याच दिवशी मास्तरांनी सगळ्यांना ओळीत बसवलं आणि प्रत्येकाच्या डाव्या हाताला कोपरापर्यंत प्लास्टर घातलं. धडधाकट हाताला!

"उद्या याच टायमाला काढू. तवर जेवा, आंघोळ करा, एसटीत चढा."

एक सिस्टर रडकुंडीला आल्या. "अहो मास्तर, साडी कशी नेसू?"

"पेशंट बाईनं इचारलं असतं तर तुमी काय सांगितलं असतं?"

"शेजारणीला बोलवा म्हणून."

"मंग बोलवा शेजारणीला!"

रात्रभर खाज सुटली. मी आत विणायची सुई घातली, चमच्याचा दांडा घातला. दुसऱ्या दिवशी माझं प्लास्टर कापलं तेव्हा आतून एक रिफिल, तीन शेंगदाणे आणि बसचं तिकीट निघालं. मास्तरांनी ते सगळ्यांना फिरवून दाखवलं. "ह्यो शिकला. आता ह्यो पेशंटला 'खाजवू नका' म्हनून दम देणार न्हाई."

तिसऱ्या दिवशी फळ्या बांधायच्या होत्या. माझ्यासमोर एक ड्रायव्हर मोडक्या हाताचं सोंग घेऊन आडवा झाला. आता बघा, आम्ही ऊसपट्ट्यातली माणसं. उसाची मोळी बांधायची म्हणजे वर गुडघा रोवायचा, दोरी खेचायची आणि पीळ द्यायचा. हे आमच्या हातांना कुणी शिकवावं लागत नाही आणि विसरायला सांगून ते विसरतही नाहीत. फळी ठेवली, पट्टी गुंडाळली आणि माझा गुडघा आपोआप त्याच्या हातावर गेला.

"आरं ए, सोड की! मी काय ऊस हाय व्हय?" ड्रायव्हर बोंबलला.

"काट्यावर घाला रं त्याला, वजन होऊन जाऊ दे!" मागून कुणीतरी ओरडलं. खोली हसून हसून लोळायची बाकी राहिली.

मास्तर हसले नाहीत. ते आले, खाली बसले आणि माझी पट्टी सोडू लागले. डोळे बांधून तान्ह्या पोराला प्लास्टर घालतील अशी ख्याती असलेला माणूस, पण गाठ त्यांना सुटेना. शेवटी कात्रीने कापली. पाचही बोटांची नखं दाबून पाहिली. मग पुन्हा पाहिली.

"दुखलं का?"

"थोडं. चालायचंच, मास्तर."

"चालायचं न्हाई! दुखलं तर दुखलं म्हना. मोठ्यानं म्हना."

सकाळचे अकरासुद्धा वाजले नव्हते, पण त्यांनी वर्ग सोडून दिला.

मी माफी मागायला मागोमाग कँटीनला गेलो. त्यांनी माझ्याकडे न बघता सांगायला सुरुवात केली.

"गुडघा तसाच रोवला हुता मी. नवा हुतो. अंगात रग. कुंडलकडचा एक गडी आला हुता, माज्याच वयाचा. ट्रॉलीवरनं पडून डावा हात मोडल्याला. म्हटलं, आसं आवळतो की हाड जाग्यावरनं इंचभर हलणार न्हाई. आवळलं. वर प्लास्टर घातलं. त्यो म्हनला, दुखतंय, लय दुखतंय. तर मी काय म्हनावं? गडी असून रडतूस व्हय रं?"

मोडलेला हात आतून सुजतो. सुजेला जागा लागते. जागा नसली की रक्त अडतं. हे मास्तर आम्हाला दिवसातून वीस वेळा सांगायचे, आता का ते कळलं. तो माणूस तीन दिवस घरी तळमळला. चौथ्या दिवशी आणला तेव्हा बोटं काळी पडली होती. कोपराखालून हात काढावा लागला.

"घरच्यांना वाटलं, ट्रॉलीच्या मारानं इख चढलं. त्यांनी मलाच नारळ दिला. जीव वाचवला म्हनून. आन् मी घेतला."

त्या दिवसापासून मी त्यांच्याकडे बघायचो ते वेगळ्याच डोळ्यांनी. व्हरांड्यात कुठेही 'दुखतंय' हा शब्द उमटला की मास्तर ताटावरून उठायचे. एकदा एसटीत कुणाच्या तरी मोबाईलवर मालिका चालू होती. त्यातली बाई कळवळली तर हे उठून सीटखाली वाकून बघायला लागले. लोक हसले. मीही हसलो असतो, पण मला त्यांचा चेहरा दिसत होता.

दहा दिवस संपले, पण माझी पाठ त्यांनी सोडली नाही. पुढच्या प्रत्येक तुकडीला मदतनीस म्हणून मला बोलावून घ्यायचे. कुंडललाही एकदा बरोबर नेलं. दर वर्षी दिवाळी झाली की ते तिथे जायचेच.

ज्यांचा हात गेला त्या गृहस्थांना सगळे अण्णा म्हणत. गावाबाहेर मळ्यात घर. डाव्या बाहीची गाठ मारलेली. आम्हाला बघून लांबूनच ओरडले, "आगं ए, चा टाक! माझा जीव वाचवणारा आला!"

मास्तर ओसरीवर बसले ते पाहुणा बसतो तसे नाही, आरोपी बसतो तसे.

बोलता बोलता अण्णा म्हणाले, "मास्तर, एक गंमत सांगू का? हात न्हाई, पर त्येचं दुखनं हाय. तुमचं प्लास्टर आजून तसंच हाय बगा. बोटं आवळल्याली, अंगठा आत मुडपल्याला. थंडीत तर लयच करकचतंय. आवं, आता तरी काढून घ्या की ते!"

आणि खदाखदा हसले. त्यांच्या बायकोने, काकूंनी, आतून दटावलं, "गप बसा की वाईच. पावण्याम्होरं सारखं त्येच." अण्णा माझ्याकडे वळले. "माझा बा मरस्तवर म्हनायचा, ह्यो पैल्यापासनंच रडवा. तीन दिस घरात नुसता वरडत हुता."

परतीच्या वाटेवर मी म्हणालो, "मास्तर, सांगून टाका."

"पैल्या दिवशी सांगायला पायजे हुतं. आता तीस वरसं झाली. काय म्हनून तोंड उघडू?" मग म्हणाले, "मला दिसतंय रं ते. रिकाम्या बाहीखाली. पांढरं, वलं. मीच घातल्यालं."

मी थापाड्या माणूस, भुतांच्या गोष्टी सांगून मी घाटात जीपभर माणसांची बोबडी वळवलीय. पण त्या दिवशी पलूसचा फाटा येईपर्यंत मी माझीच नखं दाबून बघत होतो.

पुढच्या एका तुकडीला व्यायाम-उपचारांच्या एक मॅडम शिकवायला आल्या. हात गेलेल्या माणसाला तो हात का दुखतो, यावर त्या बोलल्या. म्हणाल्या, मेंदूला हात गेल्याचं कळतच नाही, शेवटची कळ तो धरून बसतो. मग त्यांनी एक आरसा टेबलावर उभा केला. छातीसमोर आरसा, त्याच्यापुढे चांगला हात, थोटा हात मागे. आरशात बघितलं की गेलेला हात जागेवर दिसतो. चांगला हात हलवला की तोही हलतो. काहींना गुण येतो, काहींना नाही.

मास्तर शेवटच्या बाकावर होते. त्यांनी विद्यार्थ्यासारखा हात वर केला.

"मॅडम, त्या हाताला प्लास्टर असंल तर? नसल्याल्या हाताला?"

मॅडम गोंधळल्या. "म्हणजे रुग्णाला तसं वाटत असेल तर?"

"व्हय. मंग चांगल्या हाताला घालून, आरशाम्होरं कापलं तर?"

मॅडमनी आरशाकडे बघितलं. "करून बघायला हरकत नाही," त्या म्हणाल्या.

दुसऱ्याच दिवशी मास्तरांनी इस्लामपुरातून आरसा घेतला. केवढा? तर त्यात बैलजोडी मावली असती. चादरीत गुंडाळून आम्ही तो एसटीत चढवला. चादर घसरली आणि अर्ध्या गाडीने त्यात भांग पाडला. कंडक्टर म्हणाला, "ह्याचं अर्धं तिकीट लागंल." मास्तर कुणाकडेही बघत नव्हते. पिशवीत प्लास्टरच्या पट्ट्या होत्या, कात्री होती, आणि ती पिशवी त्यांनी पोटाशी धरली होती.

ओसरीवर आरसा टेकवला. अण्णा हसत म्हणाले, "आता माझी दाढी करताय का काय?"

"अण्णा, आधी ऐका." मास्तर उभेच राहिले. मग त्यांनी सांगितलं. गुडघा, पट्टी, दुखतंय म्हटल्यावर काढलेले उद्गार, नारळ. काहीही गाळलं नाही. "ट्रॉलीनं न्हाई. तुमचा हात मी घालवला."

काकू चहाचे कप घेऊन दारात थबकल्या. गोठ्यातल्या म्हशीची साखळी तेवढी वाजत होती. इथे वाढवून सांगण्यासारखं काही नाही.

मग अण्णा अगदी हळू म्हणाले, "म्हंजी मी उगाच रडत न्हवतो."

"न्हाई."

"खरंच दुखत हुतं."

"व्हय, अण्णा. खरंच दुखत हुतं."

अण्णांनी मान वळवून काकूंकडे बघितलं. "ऐकलंस? खरंच दुखत हुतं." त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं आणि ते पुसायची त्यांना गरज वाटली नाही. माफ केलं असं ते म्हणाले नाहीत. मास्तरांनीही माफी मागितली नाही.

शेवटी मास्तरांनी आरसा कशासाठी आणलाय ते सांगितलं. म्हणाले, "पर तुमी न्हाई म्हना. तुमाला एकच हात हाय. माझ्या हातात देऊ नका."

अण्णांनी उजवी बाही दंडापर्यंत सारली आणि तो एकुलता एक हात त्यांच्या पुढ्यात ठेवला.

"घाला."

मास्तरांनी आधी कापूस गुंडाळला, इतका सैल की वाऱ्याने उडावा. मग ओल्या पट्ट्या. त्यांच्या कपाळावरचा घाम टपटप प्लास्टरवर पडत होता. थोटा हात आरशामागे घेऊन अण्णा आरशात बघत होते. प्लास्टर वाळताना गरम होतं. "तिकडं बी गरम लागतंय," अण्णा दचकून म्हणाले. तिकडं म्हणजे जिथं काहीच नव्हतं.

मास्तरांनी कात्री घेतली. मनगटापासून कोपरापर्यंत सावकाश कापत गेले, दोन्ही कडा धरून पसरल्या आणि टरफल काढावं तसं प्लास्टर काढून बाजूला ठेवलं.

"आता बोटं उघडा. आरशात बगून. दोन्ही हातांची."

अण्णांनी बोटं उघडली. बंद केली. परत उघडली. घाट चढून आल्यासारखा त्यांना दम लागला होता.

"करंगळी," ते म्हणाले. "एक करंगळी सैल झाली, मास्तर. बाकीची तशीच हायती."

"आसू द्या," मास्तर म्हणाले. "एक तर सुटली." आणि ओसरीच्या खांबाला पाठ टेकून ते खाली बसले.

आरसा तिथेच ठेवला. अण्णा रोज सकाळी त्याच्यासमोर बसायचे आणि फोन करून मास्तरांना वर्दी द्यायचे. महिनाभराने दुसरं बोट सुटलं. उन्हाळ्यात मधलं. अंगठा मात्र हट्टाने आतच राहिला.

मास्तर निवृत्त झाले त्याच वर्षी गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठले नाहीत. आता तुकड्यांना मी शिकवतो. पट्टी बांधताना कुणाचा गुडघा वर सरकला तर मी ओरडत नाही, तास थांबवतो आणि हीच गोष्ट सांगतो.

मास्तर गेल्याचं अण्णांना फोनवर सांगायला जीभ रेटेना. दुसऱ्या दिवशी सकाळी मीच कुंडलला गेलो. अण्णा ओसरीवर आरशासमोर बसले होते. मी सांगितलं. त्यांनी माझ्याकडे वळून बघितलं नाही. बराच वेळ आरशातच बघत राहिले. मग उजवा हात उचलला, थोडे पुढे वाकले आणि तळवा आरशाला टेकवला. अलीकडून एक हात, पलीकडून एक.

डोळे मिटून, दोन्ही हात जोडून, अण्णा तसेच बसून राहिले.