मायलेकरं एका वाडग्यात

कोंबडी कापली की आमच्या सासरी बायांच्या वाट्याला रस्सा. तुकडे आधी सासऱ्यांना, मग थोरल्या दिरांना, मग माझ्या नवऱ्याला. पातेलं सासूबाईंच्या पुढ्यात, पळी त्यांच्याच हातात. आम्ही दोघी जावा मागून बसायचो, रश्शात भाकर कुस्करायचो आणि 'झाक झाला' म्हणायचो. झाक कसला, डोंबल!

महाराष्ट्र होऊन पाच-सहा वर्षं झाली असतील. थोरल्या जाऊबाईंना सातवा लागला होता. आधीची दोन पोटातच गेली होती. दवाखान्यातल्या नर्सनं मला बजावलं, हिच्या अंगात रक्त नाही, अंडी-कोंबडी घाला, नाहीतर हेही राहायचं नाही. घरी येऊन मी तसंच सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "आमाले काय लेकरं झाली न्हाईत? बाईले रस्सा लय झाला." माझं डोकंच फिरलं.

उंद्रीला मास्तर असलेला माझा भाऊ जुनी मासिकं आणून द्यायचा. एकात जपानी भात होता. कांदा आणि कोंबडी गोडसर पाण्यात शिजवायची, वर अंडी फेटून सोडायची, ते भातावर ओतायचं आणि ज्याचा वाडगा त्याच्या हातात द्यायचा. बाकी कृती मी दोनदा वाचली, वाडग्याचं वाक्य वीसदा वाचलं असेल.

त्यांचं ते सोयाचं काळं पाणी आमच्याकडे कुठलं? मी मीठ, गूळ, आलं घातलं. 'जपानी जेवण' म्हटल्यावर सासरेही खूश झाले, कोंबडी त्यांनीच कापून दिली. अंगणातल्या चुलीवर, जिथं मांसमच्छी शिजायची तिथंच, मी सहा वाडगे मांडले. भात, त्यावर मोजून तीन-तीन तुकडे, त्यावर अंड्याचा थर. सासूबाई यायच्या आत वाडगे भरून मोकळी झाले.

"अवं माय! कोंबडी अन् तिचं अंडं? मायलेकरं एका वाडग्यात? पाप लागन!" सासूबाई आल्या त्या ओरडतच.

"आत्याबाई, पोटुशी बाई रश्शावर ठेवली, तवा न्हाई लागलं काय पाप?"

नवरा मान खाली घालून बसला. घालू दे, म्हटलं. सासूबाईंनी जाऊबाईंचा वाडगा ओढला आणि अंडं सारून तुकडा उचलला, थोरल्या लेकाला द्यायला. मी त्यांचं मनगट धरलं. सासूचं मनगट! पण सोडलं नाही.

"त्यायचे तीन त्यायच्या वाडग्यात हायेत," मी म्हटलं. "मोजून पाहा."

थोरले दीर एवढंच म्हणाले, "राहू दे माय." तुकडा परत वाडग्यात पडला.

जाऊबाई माझ्याकडे, सासूबाईंकडे, आपल्या नवऱ्याकडे बघत राहिल्या. "खा बाई," मी म्हटलं, "कोनाच्या तोंडाकडे पाहू नका." भिंतीकडे तोंड करून त्या खायला लागल्या. हाडं चोखली, बोटं चाटली. मग वळल्या आणि रिकामा वाडगा सगळ्यांसमोर पुढे केला.

"अजून हाय काय वं?"

त्या घरात बाईनं मागितलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. माझा वाडगा मी त्यांच्या वाडग्यात उलटा केला.