हाताखालचा हात

आमचे मामंजी, म्हणजे माझे सासरे शंकरप्पा, एकदा हट्टाला पेटले की कुणाच्या बापाचं ऐकत नाहीत. सोलापुरात बाळीवेशीत त्यांचं भुसाराचं दुकान होतं. गिऱ्हाईक ताटकळलं तरी पूजेआधी ते कुलूप काढत नसत, घोटभर चहासुद्धा घेत नसत. गळ्यातल्या चांदीच्या डबीतलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घ्यायचं, उजव्या हातानं विभूती लावायची, बेलपान वाहायचं आणि एकटक बघत बसायचं. तोवर सासूबाई सिद्धम्मा स्वयंपाकघरात धुसफुसायच्या, "भाकरी गार झाली की!"

अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी मामंजींना अर्धांगवायूचा झटका आला आणि नेमकी डावी बाजू गेली. डॉक्टरांनी तळहाताला सुई टोचली, तरी त्यांना कळलं नाही. मानही सारखी उजवीकडेच. घरी आणल्यावर पहिल्याच सकाळी इष्टलिंग त्या लुळ्या हातावरून गादीवर घरंगळलं. मामंजींनी तोंड मिटलं ते मिटलंच. पूजा नाही तर जेवण नाही.

माझे यजमान मंजुनाथ म्हणाले, "अप्पा, माज्या हातावर ठिवा."

"तुजी पूजा तुज्या हातावर. माजी माज्या." बोलणं जड झालं होतं, हट्ट तसाच.

दुसऱ्या दिवशीही पेजेची वाटी भरलेलीच परत आली. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर नाकातून नळी घालावी लागेल, आणि या वयात ते कितपत सोसेल सांगता येत नाही. माझा जीव टांगणीला लागला होता. रागही येत होता, खोटं कशाला सांगू?

तेव्हा सासूबाई भांडी तशीच टाकून आल्या. ओले हात पदराला पुसले, मामंजींच्या डाव्या अंगाला बसल्या, त्यांचा हात उचलला आणि त्याखाली आपला हात धरला. खालून त्यांची बोटं जराशी वळवली.

"हात तुमचाच हाय. करा आता."

मामंजींनी मान वळवली, झटक्यानंतर पहिल्यांदाच डावीकडे. पूजा झाली आणि वाटीभर पेज पोटात गेली.

मग ते रोजचंच झालं. सासूबाईंच्या हाताला मुंग्या यायच्या, पण त्या हलायच्या नाहीत. थंडीतल्या एका सकाळी बेलपान वाहता वाहता मामंजी थांबले.

"सिद्धम्मा, तुजा हात लई गार हाय."

मी दारातच थबकले. त्या हाताला सुई कळली नव्हती.

"साठ वर्सं गार पाण्यात हात घालतीय," सासूबाई म्हणाल्या, "आज कळलं व्हय!"

त्यांचे डोळे भरून आले होते. हात मात्र त्यांनी काढला नाही.